खिळे, खुणा आणि जाळ्यावरचे पान

आमच्या शहापूरच्या छापखान्यात एक पेन्सिल होती, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. लग्नपत्रिका असो, सोसायटीचा वार्षिक अहवाल असो की एखाद्या होतकरू कवीचा पहिलावहिला संग्रह असो, जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी प्रत्येक हस्तलिखित अण्णांच्या त्या पेन्सिलीखालून जात असे. समासात ते खुणा करीत. इथे मथळा, इथे नवा परिच्छेद, एवढे ठळक, ही तळटीप. जुळारी अक्षरे वाचून खिळे उचली खरा, पण पानाला रूप येई ते त्या खुणांमुळे.

ट्रेडल मशीनच्या ठेक्यावर ज्यांना लहानपणी झोप लागली अशांपैकी मी एक. पुढे ऑफसेट आले, डीटीपी आले, खिळे किलोच्या भावाने मोडीत निघाले आणि पोटासाठी मी संगणकापुढे बसलो. त्यातूनच २००१ साली संकेतस्थळे तयार करण्याचा नाद लागला. मी संगणकशास्त्रज्ञ नव्हे, छापखानेवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी माझी पुतणी म्हणाली, ''काका, वेबसाइट कशी करायची ते मला पहिल्यापासून शिकवा. मूळ गोष्टी तेवढ्या सांगा, बाकीचं मी बघून घेते.'' मी शिकवायला बसलो आणि लक्षात आले, की मूळ गोष्टी सांगायच्या तर त्यांचा इतिहासच सांगावा लागतो. आणि तो सांगायचा तर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागते. ती चूक पुसून टाकता आली असती तर हा लेख लिहिला नसता.

*

इंग्रजी छापखान्यांत हस्तलिखितावर अशा खुणा करण्याला 'मार्कअप' म्हणत. आज प्रत्येक वेबपानाच्या पोटात जी भाषा असते तिचे नाव हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, म्हणजे एचटीएमएल. त्यातला 'एम' हा याच छापखान्याच्या शब्दाचा. तेव्हा या विद्येचे कूळ आमच्याच घरातले आहे, असे मी पुतणीला थोड्या अभिमानाने सांगितले.

या कुळाचा एक मोठा टप्पा १९६९ च्या सुमाराचा. अमेरिकेत आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघे कायद्याची कागदपत्रे संगणकात साठवण्याच्या कामावर होते. निरनिराळ्या यंत्रांना निरनिराळ्या आज्ञा द्याव्या लागत. एका यंत्रासाठी सजवलेला मजकूर दुसऱ्या यंत्राला कळत नसे. त्यांनी तोड काढली ती अशी : मजकुरात 'हे अमुक मापाच्या जाड अक्षरांत छापा' असे लिहायचेच नाही. 'हा मथळा आहे', 'हा परिच्छेद आहे', 'ही यादी आहे' एवढेच लिहायचे. मथळा कसा दिसावा ते ज्या त्या यंत्राने पाहावे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळून त्या भाषेचे नाव पडले जीएमएल. तिचीच पुढची आवृत्ती एसजीएमएल ही १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

हे वाचले तेव्हा मला अण्णांची एक सवय आठवली. गिऱ्हाईक हस्तलिखितावर 'हे चोवीस पॉइंटात घ्या' असे लिहून आणी. अण्णा ते खोडत आणि वर लिहीत, 'मथळा, पहिला'. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, ''चोवीसचे खिळे दुसऱ्या कामात अडकले असले तर हा जुळारी हातावर हात ठेवून बसेल. मथळा म्हटलं की अठराचे घेईल आणि काम पुढं जाईल.'' आयबीएमच्या तिघांना जे सुचले ते शहापूरच्या गल्लीतही सुचत होते. फरक एवढाच, की त्यांनी त्याची भाषा केली आणि आम्ही त्याची सवय केली.

वेबपानाचा पहिला धडा तो हाच. मजकूर कसा दिसतो हे नंतर, तो काय आहे हे आधी.

*

जीनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत जगभरचे शास्त्रज्ञ येत आणि जात. कोण कशावर काम करतो आणि कोणते कागद कोठे आहेत याची माहिती त्यांच्याबरोबरच निघून जाई. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने यावर उपाय सुचवणारे टिपण वरिष्ठांना दिले. कल्पना धूसर आहे पण उत्साह वाटावा अशी आहे, असा शेरा साहेबांनी त्यावर मारला. असे शेरे मारणारे साहेब सर्वांच्या नशिबी असते तर! १९९० च्या अखेरीस बर्नर्स-लीने आपल्या नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू करून दाखवला. तो संगणक चुकून कोणी बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती. सारे महाजाल त्या एका बटणावर उभे होते. बेल्जियमचा रॉबर्ट कायो हा सहकारी त्याच्या मदतीला आला आणि ऑगस्ट १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला या जाळ्याची खबर मिळाली.

त्याच वर्षी एचटीएमएलच्या खुणांची पहिली यादी लिहिली गेली. त्यात अवघ्या अठरा खुणा होत्या. मथळ्यांच्या पायऱ्या, परिच्छेद, याद्या, पत्ता आणि सर्वांत महत्त्वाची ती दुव्याची खूण, जिच्यावर बोट ठेवले की एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते. रंगाची खूण त्यात नव्हती आणि चित्राचीही नव्हती. एसजीएमएलच्या बाडातून निवडून घेतलेली ही चिमूटभर पुंजी होती. पण ती कोणालाही दुपारभरात शिकता येई, आणि बर्नर्स-लीचे शहाणपण तेच होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या मोफत वापरासाठी जगाला खुली केली.

त्या पहिल्या संकेतस्थळाची १९९२ मधली प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळच्या पत्त्यावर पुन्हा उभी केली. मी पुतणीला तिच्या मोबाइलवर ते पान उघडायला लावले. पांढऱ्या पाटीवर काळा मजकूर आणि काही दुवे, बस्स. तीन दशकांपूर्वी ज्या यंत्राची कल्पनाही कोणी केली नव्हती, त्याच्या इवल्याशा पडद्यावर त्या ओळी निमूटपणे घड्या घालून बसल्या.

''यात डिझाइन कुठंय?'' तिने विचारले.

मी म्हणालो, ''वाचता आलं की नाही? मग ते यातच आहे.''

*

परंतु माणसाला कोरे पान बघवत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' नावाचा ब्राउझर केला आणि मजकुराच्या मांडीला मांडी लावून चित्र बसवण्याची सोय काढली. वेब लोकप्रिय झाले ते या चित्रांमुळे. १९९४ मध्ये नेटस्केप आला, मग मायक्रोसॉफ्टचा एक्सप्लोरर आला. दोघांच्या भांडणात नव्या खुणांचे पीक आले. अक्षरांना रंग देणारी फाँटची खूण, लुकलुकणारी ब्लिंकची खूण, आगगाडीसारखी धावणारी मार्कीची खूण. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ही दांडगाई नुकतीच सुरू झाली होती.

नेटस्केपने आकडेवारी मांडण्यासाठी कोष्टकाची खूण पुरवली. मासिकासारखी पाने मांडू पाहणाऱ्या चित्रकार मंडळींनी तिचा भलताच उपयोग केला. रेघा अदृश्य करायच्या, एका घरात चित्र, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात जाहिरात. दोन घरांत अंतर हवे तर एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून मध्ये कोंबायचे. खिळ्यांच्या छापखान्यात शब्दांमध्ये जागा सोडायला आम्ही कोरे क्वाड घालीत असू, तसेच हे. डेव्हिड सीगल या डिझायनरच्या १९९६ मधल्या पुस्तकाने या युक्त्या घरोघर पोहोचवल्या. पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून कबुली दिली, की वेबचे वाटोळे झाले आहे आणि ते माझ्याच हातून झाले आहे. असा प्रामाणिकपणा कोणत्याही धंद्यात दुर्मिळ. मला मात्र त्याचे पुस्तक भेटले, कबुली भेटली नाही.

*

आता माझी गोष्ट सांगतो.

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या वयोवृद्ध सभासदांनी २००० साली आपापल्या आठवणी लिहून दिल्या. एकूण अकरा जणांनी. कोणी बेचाळीसच्या दिवसांत वृत्तपत्राच्या एका प्रतीभोवती जमणाऱ्या गर्दीविषयी लिहिले. कोणी दुपारी बायकांसाठी राखलेल्या तासाविषयी लिहिले. त्या तासाला पदराखाली पुस्तक लपवून आणावे लागे. एकाने तर वाचनालयाच्या पुस्तकांना पुठ्ठे घालता घालता आपण वाचायला कसे शिकलो ते लिहिले. छापायला पैसे नव्हते. मी म्हटले, ''मी संकेतस्थळ करतो, जगभर वाचतील.''

२००१ च्या पावसाळ्यात मी ते केले. अदृश्य रेघांचे तीन रकान्यांचे कोष्टक. फिकट पोपटी पाटीवर पिवळी अक्षरे. वर धावते स्वागत. खाली 'हे पान ८०० गुणिले ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसेल' अशी सूचना, म्हणजे पाहुण्याने घरात शिरताना आपले पाय आमच्या चपलांच्या मापाचे करून यावे, तसला प्रकार. मजकुरासाठी वापरलेला फाँट बरा होता, पण ठसठशीत नव्हता. म्हणून प्रत्येक आठवणीच्या माथ्यावर लेखकाचे नाव हवे तर ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून कुंचल्याने लिहून घेतले. अकरा नावे, अकरा कागद. ते स्कॅन करून चित्र म्हणून बसवले. काय देखणी दिसत होती ती नावे! कार्यक्रमाला टाळ्या पडल्या. टंकलेखन झाले, तपासून झाले, तेव्हा हस्तलिखिते मी रद्दीत घातली. संगणकावर आहे ना, मग कागद कशाला?

फुकट जागा देणाऱ्या ज्या कंपनीकडे ते स्थळ ठेवले होते ती काही वर्षांत बंद पडली. माझ्याकडे दोन फ्लॉपी होत्या. एकीवर लिहिले होते 'मजकूर', दुसरीवर 'चित्रे व फाँट'. बेळगावच्या पावसाने कपाटात बुरशी धरली. गेल्या वर्षी पुतणीने जुने यंत्र मिळवून त्या वाचून पाहिल्या. पहिली उघडली. दुसरी उघडली नाही.

पहिलीवरचा मजकूर तरी मराठीत होता का? नाही. रोमन अक्षरे, कंस, टक्के, उद्गारचिन्हे यांची खिचडी होती.

*

त्या खिचडीचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गोव्यात भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आला. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्यातच रायतूरला छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या मुद्रणाची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

संगणकावरही आपली भाषा प्रथम परक्या खिळ्यांवरच चढली. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' संकेतात १२८ घरे होती आणि ती रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांनीच भरलेली. देवनागरी फाँट करणाऱ्यांनी युक्ती काढली. रोमन अक्षराच्या घरात काना, अर्धा क, रफार असे देवनागरीचे तुकडे चितारून ठेवायचे. संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूर, डोळ्यांना मात्र मराठी. प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. फाँट काढला की सोंग उतरले. एका पानावर मराठी आणि कन्नड शेजारी हवी तर दोन्ही भाषा त्याच घरांवर हक्क सांगत. सीमाभागातल्या माणसाला याचे हसू यावे की रडू, ते तुम्हीच ठरवा.

उपाय नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत प्रमाण ठरवला. त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून देवनागरीची मांडणी घेऊन ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. देवनागरीला १२८ घरे, कन्नडला वेगळी १२८, तमिळला वेगळी. कोणी कोणाच्या घरात शिरायचे नाही. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून हे सारे आकडे बिनबोभाट साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत आखली. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ ने युनिकोडचा वर्णसंच स्वीकारला. २००० सालच्या विंडोजबरोबर 'मंगल' हा युनिकोड फाँट आला. तो घडवला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. म्हणजे मी पान केले तेव्हा युनिकोडला दहा वर्षे झाली होती. माझ्या विंडोज ९८ ला आणि मला त्याचा पत्ता नव्हता, एवढेच.

आपल्या मराठीच्या बारीकसारीक खोडीही हळूहळू मिटल्या. इंग्रजी शब्दांसाठी लागणाऱ्या 'ॲ' ला स्वतःचे घर मिळाले ते २००८ मध्ये. पानाच्या सुरुवातीला 'ही भाषा मराठी' अशी खूण केली, तर सोय असलेले फाँट हिंदी वळणाचे ल आणि श बाजूला ठेवून आपल्या वळणाचे काढतात. पडद्यावरच्या वाचकाला वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही उच्चार मराठी करायचे की हिंदी, ते त्या खुणेवरूनच कळते. दोनच रोमन अक्षरांची खूण आहे ती, एम आणि आर. नवशिक्याने विसरू नये अशी.

*

फ्लॉपीतली खिचडी सोडवायला आम्ही दोघे बसलो. फाँट हाती नव्हता, पण मजकूर कशाविषयी आहे हे मला ठाऊक होते. सर्वांत जास्त वेळा येणारी खूण म्हणजे काना असणार, हे जुळाऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. केसमध्ये सर्वांत मोठे खण उगीच नसतात. मग 'आणि' सापडला, 'वाचनालय' सापडले. घराला घर लावत आठ दिवसांत कोष्टक तयार झाले. पुतणीने त्यावरून छोटी आज्ञावली लिहिली. पहिल्या खेपेला सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या चुकल्या. जुन्या फाँटात वेलांटी खिळ्यांप्रमाणे अक्षराच्या आधी बसे. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. रफाराचे याच्या उलट; डोळ्यांना तो शेवटी दिसतो, साठवायचा मात्र आधी. हे दोन्ही उलटसुलट केल्यावर ओळी सरळ झाल्या. पदराखाली पुस्तक लपवणाऱ्या त्या बाई चोवीस वर्षांनी पुन्हा बोलू लागल्या.

बोलू लागल्या, पण कोण होत्या त्या?

नावे चित्रांत होती आणि चित्रे दुसऱ्या फ्लॉपीवर. चित्राच्या खुणेत पर्यायी मजकूर लिहिण्याची जागा असते. चित्र दिसले नाही, किंवा पाहणाऱ्याला डोळेच नसले, तर तिथे तो मजकूर वाचला जावा म्हणून. एचटीएमएल ४ ने तो सक्तीचा केला होता. मी अकराही ठिकाणी तो रिकामा सोडला होता. आळस, दुसरे काय? बरे, नावे मथळ्याच्या खुणेत, साध्या अक्षरांत असती तरी त्या खिचडीतून निघाली असती. अण्णांची 'मथळा, पहिला' ही खूण मी विसरलो होतो. माझ्या पानावर मथळे असे नव्हतेच. मथळ्यांची चित्रे होती.

मजकुरातल्या खाणाखुणांवरून आणि दोन जुन्या सभासदांना वाचून दाखवून आम्ही सहा जण ओळखले. पाच उरले. पुठ्ठे घालणारे गृहस्थ त्या पाचांत आहेत. वाचनालयात विचारून झाले, घरोघर विचारून झाले. ज्यांना माहीत असते ती माणसे आता नाहीत.

*

दिसणे आणि असणे वेगळे ठेवावे, हे जाणत्यांनी फार आधी ओळखले होते. नॉर्वेच्या होकोन व्यूम ली याने ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्येच असताना सुचवले, की रूपाचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत. मथळा कोणत्या रंगाचा, समास केवढा, दोन ओळींत अंतर किती. मजकुराच्या फायलीला हात लावायचा नाही. डच संशोधक बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस नावाने ती रीत प्रमाण झाली. ब्राउझरवाल्यांनी ती नीट पाळायला बरीच वर्षे घेतली. २००३ मध्ये कॅनडातल्या डेव्ह शे याने 'सीएसएस झेन गार्डन' या संकेतस्थळावर ती डोळ्यांसमोर ठेवली. मजकुराची फाइल एकच. जगातल्या डिझायनरांनी तिला निरनिराळे सीएसएस पाठवायचे. एकाच विठोबाला रोज नवा पोशाख, तसे ते पान दर वेळी नवे दिसे. पोशाख उतरवला तरी विठोबा जागेवर.

दुसरा धडा पडद्याच्या मापाचा. छापील पानाचे माप छापखाना ठरवतो, वेबपानाचे माप वाचक ठरवतो. हे आम्हा छापखानेवाल्यांच्या गळी सर्वांत उशिरा उतरले. २००७ मध्ये आयफोन आला आणि पडदा तळहाताएवढा झाला. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट याने एका लेखातून पडद्याच्या रुंदीप्रमाणे रूप बदलणाऱ्या पानाची रीत मांडली. रकाने घट्ट ठिपक्यांत न मोजता प्रमाणात मोजायचे आणि पडदा अरुंद झाला की एकाखाली एक उतरवायचे. १९९२ चे सर्नचे पान ते न सांगताच करीत होते, कारण त्याला कोणी कोष्टकात कोंबले नव्हते.

तिसरा धडा वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांनुसार साध्या मजकुराची अक्षरे आणि पाटी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा. माझी पोपटीवरची पिवळी अक्षरे तिथे सपशेल नापास. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींतले अंतर रोमनपेक्षा सढळ हवे. अक्षराच्या दीडपट तरी ठेवावे, असे मी पुतणीला सांगतो. खिळ्यांच्या काळी आम्ही ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत असू, त्याच या पट्ट्या.

आणि चौथा पत्त्याचा. एकदा दिलेला पत्ता बदलू नये, असे बर्नर्स-लीने १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे. जागा फुकट असो वा विकतची, मजकुराची प्रत आपल्या घरी ठेवावी, दोन ठिकाणी ठेवावी आणि अधूनमधून उघडून पाहावी. कागद असेल तर तोही ठेवावा.

*

पुतणीने गेल्या दिवाळीत वाचनालयाचे नवे पान केले. पांढरी पाटी आणि काळी अक्षरे, मथळा तो मथळा, परिच्छेद तो परिच्छेद. भाषेची खूण मराठी, अक्षरे युनिकोड. वाचनालयाच्या दाराचा एक फोटो आहे आणि त्याखाली पर्यायी मजकूर आहे, तोही तिने मला वाचून दाखवून घेतला. सहा आठवणींवर नावे आहेत, साध्या अक्षरांत. उरलेल्या पाचांवर तिने लिहिले आहे, 'नाव ज्ञात नाही. वाचकांपैकी कोणी ओळखल्यास वाचनालयास कळवावे.'

''काका, हे पाचही मथळेच ठेवलेत मी,'' ती म्हणाली, ''नाव मिळालं की तिथं घालायला.''

अण्णांची लाल-निळी पेन्सिल अजून माझ्या खणात आहे, बोटभर उरलेली. मी त्या पाच आठवणी कागदावर छापून घेतल्या आणि प्रत्येकीच्या समासात तिच्या लाल टोकाने लिहिले, 'मथळा, पहिला'. त्यापुढची जागा कोरी आहे. हे कागद मी रद्दीत घातलेले नाहीत. बेळगाव-शहापूरच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात पुस्तकांना पुठ्ठे घालणारे, आणि ते घालता घालता वाचायला शिकलेले आजोबा होऊन गेले असतील, तर वाचनालयात येऊन एवढे नाव सांगावे.